बायडाबाईंची टकटक

मी एक जुना गुडघा आहे. हाडामांसाचा नव्हे बरं का, धातूचा. मित्रांनो, तुम्ही मला रस्त्यात पडलेलं पाहिलंत तर स्कूटरचा सुटा भाग समजून लाथ माराल. माझा वरचा भाग चकचकीत, दोन गोल उंचवट्यांचा. खालचा भाग म्हणजे एक लहानशी थाळी आणि तिच्या पोटाला एक खुंटी. या दोघांच्या मध्ये पांढऱ्या गुळगुळीत प्लास्टिकची जाड चकती. आम्ही तिघं मिळून एक गुडघा.

सध्या माझा मुक्काम एका कापडी चंचीत आहे. चंचीत सुपारी, कात, अडकित्ता आणि मी. अडकित्ता मला येताजाता टोचतो, पण त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं दुःख वेगळंच आहे आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथे मला वितळवलं, साच्यात ओतलं, घासून घासून आरशासारखं केलं. मग दोन हवाबंद पिशव्या, वर खोका, खोक्यावर माझं माप आणि नंबर. पुण्यातल्या एका इस्पितळाच्या कपाटात मी महिनोन्महिने पडून होतो. माझ्या मापाचं माणूस येईल, मी त्याच्या अंगात जाईन आणि त्याला चालवीन, एवढीच माझी इच्छा होती.

दहा वर्षांपूर्वी ते माणूस आलं. बायडाबाई. हडपसरच्या पलीकडे त्यांचं गाव होतं. 'होतं' असं म्हणायचं, कारण आता ते शहरातच आलं आहे. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात उकिडवं बसून बसून बायडाबाईंच्या उजव्या गुडघ्याची पार वाट लागली होती. वाफ्यांच्या जागी पुढे इमारत उभी राहिली आणि त्याच इमारतीच्या सातव्या मजल्यावर त्या राहायला गेल्या. शेत गेलं, पण गुडघ्यातली कळ काही गेली नाही.

मला बसवणारे डॉक्टर शरच्चंद्र भिडे. हात देवाचा, जीभ मात्र पुण्याची. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी बायडाबाई म्हणाल्या, "डाक्टर, चालताना आत टकटक वाजतंय वो."

"दुखतंय का?"

"दुखत नाय."

"मग वाजू द्या. गुडघ्याला बोलायची हौस आहे असं समजा. आपल्याला नाही का सवय, नातेवाइकांची?"

हो, मी वाजायचो. पाऊल टाकताना माझा वरचा धातू चकतीला टेकायचा आणि बारीकसा 'टक' असा आवाज व्हायचा. त्यात काही बिघाड नव्हता, माझा स्वभावच तसा. घरी निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र तीनदा बजावली. "गुडघा दुखला, सुजला, ताप आला, पायाला साधी जखम झाली, दाढ किडली तरी तडक माझ्याकडे यायचं. घरी उद्योग करायचे नाहीत." बायडाबाईंनी तिन्ही वेळा मान डोलावली.

माझी पहिली वर्षं काय सुखाची होती म्हणून सांगू! लिफ्ट बंद पडली की आम्ही सात मजले उतरायचो. भाजी आणायला जायचो, देवळात जायचो. पण माझं खरं कौतुक कुणी केलं असेल तर ते भीमरावांनी.

भीमराव म्हणजे बायडाबाईंचे मालक. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली आणि त्यानंतर त्यांच्या डोक्यात माणसांचा गोंधळ व्हायला लागला. आवाज ऐकून त्यांना माणूस कळेना. मुलाला, संपतला, ते आपला वारलेला भाऊ समजायचे. सुनेला, शेफालीला, आक्का म्हणायचे. खुद्द बायडाबाई बोलल्या तरी कधीकधी विचारायचे, "कोण बाई तुम्ही? कुणाकडं आलाव?"

पण मी वाजलो की चुकायचे नाहीत. स्वयंपाकघरातून त्यांच्या खोलीपर्यंत बावीस पावलं होती. चौथ्या-पाचव्या पावलालाच म्हाताऱ्याचं तोंड दाराकडे वळायचं. "आली का टकटक?"

"आली, आली. तोंड उघडा."

मग दुधात कुस्करलेली भाकरी त्यांच्या तोंडात पडायची. दुसऱ्या कुणाच्या हातचं ते खातच नसत. सांभाळायला दोन बायका ठेवून पाहिल्या. घास पुढे आला की भीमराव दात घट्ट मिटून घ्यायचे. एक आठ दिवसांत गेली, दुसरी तीनच दिवसांत. शेवटी बायडाबाईच त्यांना काखेत हात घालून उठवायच्या, बसवायच्या, अंग पुसायच्या, भरवायच्या. सत्तरीची बाई आणि सगळा भार माझ्यावर. पण मित्रांनो, मला त्याचं काही वाटत नसे. माझ्या आवाजाची वाट बघणारं एक माणूस जगात होतं. याहून मोठं बक्षीस कुठल्या गुडघ्याला मिळालंय?

संपत मनानं वाईट नव्हता. तो वाळू-विटांचे टेम्पो फिरवायचा, शेफाली आयटी पार्कात नोकरीला. दिवसभर घरात ही दोन म्हातारी माणसंच. एकदा खडकवासल्याच्या बाजूचं, आजारी म्हाताऱ्यांना ठेवून घेणारं एक सेवाघर तो बघून आला आणि तिथला फॉर्म त्यानं टीव्हीखाली ठेवला. म्हणाला, "आई, तू हायेस तवर अण्णा घरी. तू अंथरूण धरलंस तर माझा नाइलाज हाय. आधीच सांगून ठिवतो."

तो सहज बोलून गेला. बायडाबाईंनी मात्र ते वाक्य काळजात ठेवलं. टीव्हीखालचा तो फॉर्म त्या रोज पुसायच्या, पण हलवायच्या नाहीत.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास भीमरावांना उचलताना बायडाबाईंचा पाय मुरगळला. गुडघ्याला सूज आली. फार नव्हती. भिडे डॉक्टरांकडे गेल्या असत्या तर त्यांनी दोन एक्स-रे फोटो काढून, चार शब्द सुनावून पंधरा दिवस आराम सांगितला असता. पण आराम म्हणजे अंथरूण, आणि अंथरूण म्हणजे तो फॉर्म. त्या गेल्याच नाहीत.

त्यांनी बिब्बा घातला.

तुम्हाला बिब्बा ठाऊक आहे का? काळं, टणक फळ. दाभण टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं जळजळीत तेल निघतं. ते दुखऱ्या जागी लावायचं, कातडी भाजते आणि कळ ओढून घेते म्हणतात. बायडाबाईंच्या आईनं हेच केलं, आजीनं हेच केलं. दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी समई लावली, बिब्बा दाभणाला टोचून ज्योतीवर धरला आणि तेल बरोबर माझ्या वरच्या जुन्या व्रणावर टेकवलं. दातांत पदर धरला होता. मी आत होतो. ओरडायला मला तोंड नव्हतं. नाहीतर सांगितलं असतं, बाई गं, तुझ्या आईच्या गुडघ्यात हाड होतं, तुझ्या गुडघ्यात मी आहे!

बिब्बा उतला. तळहाताएवढा फोड आला, फुटला, चिघळला. त्या उघड्या कातडीतून जंतू आत शिरले आणि थेट माझ्यापर्यंत पोचले.

मित्रांनो, हाडात रक्त खेळतं. जंतू आले की रक्तातून शिपाई धावून येतात. मी पडलो धातू. माझ्यात ना रक्त ना शिपाई. जंतू माझ्या अंगावर बसले आणि पाण्याच्या टाकीच्या आतून धरतो ना, तसा बुळबुळीत थर त्यांनी माझ्यावर धरला. त्या थराच्या आत औषध पोचत नाही. मी ज्या बाईला नऊ वर्षं चालवलं, तिच्याच शत्रूचं घर झालो. याची मला इतकी लाज वाटते की काय सांगू.

बायडाबाई नाक्यावरच्या मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणायच्या. पाच दिवस खायच्या, पू थांबायचा. बंद केल्या की पुन्हा यायचा. वरून हळदीची चिंधी, त्यावर लुगडं. असे तीन महिने काढले बाईनं. रोज बावीस पावलं चालायची, प्रत्येक पावलाला डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, आणि दारातून आवाज यायचा, "आली का टकटक?"

"आली, आली," त्या म्हणायच्या. आवाज अगदी हसरा. मला मात्र आतून कळायचं, पाय टेकताना त्या भार डावीकडे कसा ढकलतात ते.

शेवटी शेफालीनं पकडलं. धुण्यात चिंधी सापडली. तिनं वास घेतला आणि तशीच धावत आली. "आई, हे काय आहे? पस आहे हा! किती दिवस चाललंय?"

"गळू हाय गं. बसंल."

"गळू? सर्जरीच्या जागेवर? माय गॉड, आई, तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

बायडाबाईंनी सुनेचे हात धरले. "संपतला बोलू नको, पोरी. ह्यांना न्हेतील गं तिकडं. त्यांना कोण भरवंल?"

शेफाली तिथंच खाली बसली आणि रडली. पण तिनं संपतला सांगितलं. सांगावंच लागलं.

भिडे डॉक्टरांनी जखम पाहिली, काळा डाग पाहिला. "बिब्बा?"

"व्हय."

"वा! आम्ही ऑपरेशनच्या खोलीत एक माशी शिरू देत नाही, आणि आपण समई लावून जंतूंचं स्वागत केलंत." बायडाबाईंनी मान खाली घातली तसे ते एकदम मवाळ झाले. स्टूल ओढून जवळ बसले आणि सगळं समजावून सांगितलं. मीही कान देऊन ऐकत होतो.

गोळ्या अर्धवट खाल्ल्यामुळे जंतू दबा धरून बसला होता. गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं तरी तो आपलं नाव सांगेना. नशीब, आता नव्या तपासण्या निघाल्यात. जंतू सापडला नाही तरी तो आत आहे एवढं त्या पाण्यातून कळतं. फोटोत माझ्याभोवती काळी रेघ दिसत होती. म्हणजे मी हाडातून सुटत चाललो होतो.

"पहिल्यांदा गुडघा बसवणं सोपं," डॉक्टर म्हणाले. "बसवलेला काढून दुसरा बसवणं, तेही जंतू असताना, फार अवघड. दोन ऑपरेशनं करावी लागतील. आधी हा काढायचा, जागा धुवायची, मध्ये औषध कालवलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवायचा. सहा आठवडे सुईतून औषध. जंतू गेला तर नवा गुडघा. नवे गुडघे आता फार पुढे गेलेत. लांब दांड्याचे असतात, हाड झिजलं असेल तिथे बसवायला जाळीदार धातूचे शंकू मिळतात, त्यांच्यात हाड रुजतं. माझ्या उमेदवारीत यातलं काही नव्हतं. तेव्हा पायच कापायचे."

बायडाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मग सा आठवड्यांनी मी ह्यांना उठवून बशिवीन का?"

"तसं झालं तर मला आनंद होईल."

"व्हय म्हना की."

"हो म्हणत नाही मी."

दुसऱ्याच दिवशी भीमरावांना न्यायला गाडी आली. संपत पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सहाच आठवडे, अण्णा. फक्त सहा." त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टनं खाली आणलं. म्हातारा घाबरला होता. एकाच हातानं खुर्चीची कड धरून विचारत होता, "टकटक कुटं हाय? टकटक?"

डॉक्टरांनी पाय टेकायचा नाही म्हणून सांगितलं होतं. बायडाबाईंनी वॉकर भिंतीला लावला आणि फाटकापर्यंत खुर्चीच्या बाजूनं चालत गेल्या. मी सैल झालो होतो, आत हलत होतो, तरी वाजलो. टक. टक. टक. भीमरावांची मान वळली. "आली, आली," ते म्हणाले आणि खुर्चीची कड सोडली. गाडीचं दार लागलं.

तेव्हा मी तिच्या अंगात शेवटचा वाजलो.

मला काढताना डॉक्टरांना चार तास लागले. बारीक करवत, छिन्नी, हातोडी. ते फार जपून काढत होते, पण नऊ वर्षं धरून ठेवलेलं हाड मला सोडेना. निघालो तेव्हा माझ्या पाठीला सिमेंट होतं आणि सिमेंटला बायडाबाईंचं हाड. डॉक्टरांनी ते बघितलं आणि मास्कच्या आड काहीतरी पुटपुटले. चांगलं काही नसावं.

शुद्धीवर आल्यावर बायडाबाईंनी पहिल्यांदा माझी चौकशी केली. "माझ्या अंगातला हाय तो. मला द्या." इस्पितळानं मला उकळून, धुऊन पिशवीत घालून दिलं. त्यांनी मला चंचीत टाकलं. तेव्हापासून मी इथे आहे.

पुढचं सगळं मी उशाशी पडून ऐकलं. सहा आठवडे झाले, रक्तातला दाह उतरेना. पुन्हा गुडघा उघडला, आत पू. ठोकळा बदलला, औषध बदललं. त्या औषधानं मूत्रपिंडाला त्रास झाला म्हणून तेही थांबवलं, तिसरं लावलं. बायडाबाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक नर्सला विचारायच्या, "आता नवा बशिवणार ना?" संपत दर रविवारी खडकवासल्याकडे जाऊन यायचा आणि आल्यावर आईच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. "अण्णा बरे हायेत," म्हणायचा. "खातात का?" या प्रश्नाला म्हणायचा, "नळी घालतात अधूनमधून."

पाचव्या महिन्यात गुडघा तिसऱ्यांदा उघडला. त्या संध्याकाळी भिडे डॉक्टर आले, स्टूल ओढून बसले आणि साध्या शब्दांत जेवणाची चौकशी केली. मी घाबरलो. हा माणूस टोमणा मारत नाही म्हणजे काहीतरी वाईट आहे, हे मला ठाऊक होतं.

"बायडाबाई, जंतू आटोक्यात आलाय. पण नवा गुडघा बसवायला हाड उरलं नाही. आहे ते अंड्याच्या टरफलासारखं पातळ. जाळीचे शंकूही कशाला तरी धरूनच बसवावे लागतात ना. शिवाय गुडघा ताठ करणारी पुढची दोरीच कुजून गेली आहे. पाय वाचवता येईल मला. मांडीपासून नडगीपर्यंत सळई घालून सरळ जोडून टाकतो. चालाल आपण. पण पाय वाकणार नाही. कधीच."

"वाकनार नाय तर ह्यांना उचलू कशी?"

डॉक्टर उठले, बायडाबाईंच्या पायावरची चादर सारखी केली आणि निघून गेले.

पाय सळईनं जोडून झाला, आणि गेल्या महिन्यात बायडाबाईंनी हट्ट धरला. "मला ह्यांच्याकडं न्या." ताठ पाय रिक्षात मावेना, शेफालीच्या गाडीतही मावेना. शेवटी संपतनं टेम्पोच्या हौद्यात प्लास्टिकची खुर्ची दोरीनं बांधली, त्यात आईला बसवलं, पाय समोर फळीवर लांब ठेवला. मांडीवर दुधभाकरीचा डबा, कमरेला चंची. हडपसरपासून खडकवासल्यापर्यंत सिग्नलला लोक बघत होते. बायडाबाईंनी पदर सारखा केला, एवढंच.

सेवाघर स्वच्छ होतं. त्याला नावं ठेवायला जागा नाही. आठ खाटा ओळीनं, शेवटची भीमरावांची. ते वाळून गेले होते. तोंड दाराकडे होतं.

बायडाबाई चालायला लागल्या. काठीचा ठोका आणि ताठ पायाची फरपट. भीमरावांची मान हलली नाही. अगदी जवळ गेल्यावर त्यांनी विचारलं, "कोण हाय?"

"मी हाय. बायडा."

"कोण बाई तुम्ही? कुणाकडं आलाव?"

"अवो, मी. तुमची बायडा. बघा, भाकरी आणलीया."

"बाई, जरा बाजूला सरा," भीमराव म्हणाले. बोलणं बोबडं झालं होतं, पण कळत होतं. "दारातनं वाट ठिवा. आमची मालकीण येईल आता."

बायडाबाईंनी घाईघाईनं चंची सोडली. सुपारी खाली सांडली. त्यांनी मला बाहेर काढलं, एका हातात चकती, एका हातात वरचा भाग, आणि भीमरावांच्या कानाशी आपटलं. टक. पुन्हा, टक. मित्रांनो, मी जीव तोडून वाजलो. सगळं आयुष्य पणाला लावून वाजलो. पण मांसाच्या आतून येणारा आवाज वेगळा आणि हवेत उघडा वाजणारा वेगळा. तो मऊ टक मला काही केल्या येईना. कोरडा, नुसता धातूचा आवाज येत राहिला.

भीमरावांनी कान टवकारले. दारात संपतनं तोंडावर हात धरला होता.

"अडकित्ता हाय व्हय?" भीमराव म्हणाले. "सुपारी नको मला."

बायडाबाईंनी मला खाली ठेवलं. भाकरी कुस्करली आणि घास पुढे केला. वाकता येत नव्हतं म्हणून हात खाटेपर्यंत नीट पोचत नव्हता, संपतनं मनगटाला आधार दिला. भीमरावांनी दात मिटून घेतले. मग मिटल्या दातांतूनच म्हणाले, "ती आल्यावर जेवतो."

मित्रांनो, मी आता कुणाच्या उपयोगाचा नाही. मला पुन्हा कुणी बसवणार नाही आणि बायडाबाईही मला टाकणार नाहीत. जमलं तर माझं एक ऐका. अंगात माझ्यासारखा पाहुणा असेल त्या माणसानं जखम झाकू नये, बिब्बा घालू नये, मिळतील त्या गोळ्या खाऊ नयेत, हे तर डॉक्टर सांगतातच. मला दुसरं सांगायचंय. तुमच्या घरात कुणी लंगडत असेल आणि 'काय नाय, बसंल' म्हणत असेल तर नुसतं रागावू नका. ते कशाला भितंय, ते विचारा. तुझ्या दुखण्यापायी आम्ही कुणाला घराबाहेर काढणार नाही, एवढं त्याला आधी सांगा. आणि टीव्हीखाली फॉर्म ठेवला असेल, तर तो आजच उचला.

आमच्या घरी हे कुणाला सुचलं नाही. बायडाबाई आता सातव्या मजल्यावर बाल्कनीत खुर्चीवर बसतात, पाय समोर लांब. दुपारचा एक, म्हणजे भरवायची वेळ झाली की त्यांचा हात आपोआप चंचीकडे येतो. तिकडे खडकवासल्याच्या बाजूला दाराकडे कान लावून एक म्हातारा पडलेला असतो. त्याला अजून जेवायचं आहे.